आठवडा कुणी ठरवला?

परीक्षेच्या वर्गात ज्याचा चेहरा सगळ्यात शांत, त्याची बाही आधी तपासायची, हे मी बारा वर्षांत शिकले. सांगलीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि परीक्षा आल्या की कॉपी पकडते. दुसऱ्या कामात माझं नाव जास्त आहे. म्हणूनच गेल्या डिसेंबरात आमच्या सासूबाई अतिशय शांत चेहऱ्याने म्हणाल्या, "जा की गं, आदूला मी बघते," तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

आदू माझा मुलगा, पावणेतीन वर्षांचा. जन्मल्यापासून एक रात्र माझ्याशिवाय झोपला नव्हता. रात्री आणि पहाटे तो अजून अंगावर प्यायचा. हे मी कॉलेजात कुणाला सांगत नसे. सासूबाई वर्षभर म्हणत होत्या, आता सोडव त्याला, आणि मी म्हणत होते, माझं मी बघीन.

माझी हॉस्टेलातली मैत्रीण वनिता लग्न होऊन वर्धा जिल्ह्यात आंजीला गेली. तिच्या गल्लीतल्या बायका दर हिवाळ्यात, कापसाचा दुसरा वेचा झाला की, दोन दिवस घराबाहेर पडतात. नियम एकच, लेकरू सोबत आणायचं नाही. तीन वर्षं ती मला बोलावत होती आणि पहिली दोन वर्षं मी आदूचं नाव पुढे केलं. या वेळी मी घरात विषय काढला तो नकार मिळणारच या खात्रीने. तर सासूबाई जा म्हणाल्या. वर म्हणाल्या, दोन दिवसांसाठी एवढ्या लांब काय जायचं, चांगली आठवडाभर राहून ये. निदान मला तसं स्पष्ट आठवत होतं.

सुनेला आठवडाभराचा आग्रह कोण करतं? त्यात माझा नवरा समीर याने न सांगता माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. आठ वर्षांच्या संसारात त्याने न सांगता केलेली ही दुसरी गोष्ट, आणि पहिली मला आता आठवत नाही. दोघं मिळून काहीतरी शिजवतायत, हे मी ताडलं. काय ते मात्र कळेना.

मंगळवारी निघाले. निघाले म्हणजे कशी, तर समीरने आदूला पुढच्या अंगणात शेजारच्यांची म्हैस दाखवायला नेलं आणि मी मागच्या दाराने सटकले. आमच्याकडे असंच निघतात.

वर्धा, बुधवार

रेल्वेचं वर्णन करण्यासारखं काही नाही. मी नऊ तास सलग झोपले, एवढंच सांगते. कूस बदलताना मधे कुणी नव्हतं, पोटात कुणाचा गुडघा नव्हता. जागी झाले तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

वर्ध्याला उतरले तर थंडीने कान दुखायला लागले. स्टेशनाबाहेर चहा घेतला आणि सोबत गोरसपाक. बिस्किटासारखा हा जाडसर, तुपाळ प्रकार चहात बुडवला की अर्धा चहात राहतो. चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"एकट्याच काय ताई? लेकरंबाळं?"

"घरी आहेत."

"असं," तो म्हणाला. त्या एका शब्दात त्याने माझं प्रगतिपुस्तक भरून टाकलं. मी चहा अर्धा टाकून उठले.

तेवढ्यात एक पांढरा पिकअप टेम्पो जवळ येऊन थांबला आणि ड्रायव्हरच्या जागेवरून वनिता उतरली. हॉस्टेलात सायकलवर डबलसीट बसायला घाबरणारी ही बाई आता कापसाची गाडी चालवते.

"आली वं बाई एकदाची! मले वाटलं, गाडी सुटता सुटता उतरशीन."

आंजीचा रस्ता सुरू झाला. आमच्याकडे ऊस उभा राहिला की शेतात माणूस लपून जातो. इथे काळ्या जमिनीवर कापूस जेमतेम कंबरेइतका, मधे तुरीचे पट्टे, आणि कोण कुठे काय करतंय ते मैलभरावरून दिसतं. मला हा मुलूख आवडला. पर्यवेक्षणाला फार सोयीचा.

वनिता मला काहीतरी मागणार, याचीही मला खात्री होती. तीन वर्षं कुणी उगाच बोलावत नाही. तिचा पुतण्या बारावीला आहे हे मी आधीच लक्षात ठेवलं होतं. ती वळणावळणाने विषयावर येईल म्हणून मी वाट बघत राहिले. ती मात्र गाणं गुणगुणत गाडी चालवत होती.

आंजी

वनिताच्या घरी तिचा नवरा गजूभाऊ आणि दोन मुलं, सहा वर्षांचा यश आणि तीन वर्षांची परी. जेवायला पातोड्यांचा रस्सा होता, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. तिखटाचा अभिमान मी सांगलीहून सोबत आणला होता, तो तिसऱ्या घासाला नाकातून वाहून गेला.

जेवताना वनिता मुलांना म्हणाली, "परवा मी जाऊन राह्यली. एक रात्र नाई राहणार. बाबासंगं राहजा."

"बरं," यश म्हणाला आणि भात कालवत राहिला. परीने तर मान वर केली नाही.

इतकं सोपं? मला हे पढवलेलं वाटलं. मुलं बाहेर गेल्यावर मी वनिताला खोदून विचारलं. ती म्हणाली, "पढवाचं काय त्यात? आमच्याकडं सांगून जाते, पळून नाई जात. पळून गेलं की लेकरू दर खेपी दाराकडंच पाहत बसते." मी म्हशीची गोष्ट तिला सांगितली नाही.

दुपारी समीरने फोटो पाठवला. आदू गादीवर बसलेला, हसरा. मी बोटांनी फोटो मोठा केला. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन. सव्वातीनला हा मुलगा रोज झोपलेला असतो. मग हा फोटो कधीचा? डोळे सुजलेत का? मी इतका मोठा केला की शेवटी आदूचा नुसता एक दात उरला.

गुरुवारी दिवसभर बायकांबरोबर शेतात कापूस वेचला. म्हणजे त्यांनी पोत्यांनी वेचला आणि मी बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेतली. संध्याकाळी सगळ्या बेबीताईंच्या अंगणात जमल्या. बेबीताई पंचावन्नच्या, तीन नातवंडांच्या आजी, आणि या मोहिमेच्या सरदार. मला धरून आठ जणी. सगळ्यात लहान प्रीती, तेवीस वर्षांची, चौदा महिन्यांचं बाळ असलेली. ही पहिली रडणार, असं मी मनाशी नोंदवून ठेवलं.

बेबीताईंनी नियम सांगितले. "फोन माया थैलीत राहतीन. जिनं लेकराचं नाव काढलं, तिनं एक गंज घासाचा. फोन मांगला, तरी एक गंज." गंज म्हणजे इथलं पातेलं.

"आन् नातवाचं नाव काढलं त?" कुणीतरी विचारलं.

"त मी दोन घासीन."

मी विचारलं, हे सुरू कसं झालं? अशा प्रथेमागे काहीतरी घडलेलं असतं, असं मला वाटत होतं. कुणाचं आजारपण, कुणाचं भांडण, कुणाचा मृत्यू.

"कसं म्हंजे? एक डाव गेलो. चांगलं वाटलं. मंग जातच राह्यलो," बेबीताई म्हणाल्या.

मी आणखी तिघींना वेगवेगळं गाठून विचारलं. उत्तरं तंतोतंत जुळली. परीक्षेत उत्तरं अशी जुळली की मी दोन्ही पेपर बाजूला काढते. एवढ्या बायका नुसतं चांगलं वाटतं म्हणून घर सोडून जातात, हे मानायची माझी तयारी नव्हती.

शुक्रवार, शेतावर

बायका बाहेर पडतात त्या दिवशी मुलं उपाशी राहत नाहीत. गल्लीतले बाप सगळ्या पोरांना घेऊन शेतातल्या मारुतीजवळ रोडगे करतात. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, तूप घालून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. हा स्वयंपाक पुरुषांनीच करायचा अशी इकडची रीत. आमच्या सांगलीत पुरुष मटण करतात आणि त्यानंतर आठ दिवस ते मटण कसं केलं हे सांगतात.

मी वनिताला गाडी थांबवायला लावली. उतरून पाहिलं. पाण्याची टाकी झाकलेली होती, विळी उंचावर होती, जाळापासून दहा पावलांवर दोरी बांधलेली आणि दोरीच्या अलीकडे अकरा पोरं. गजूभाऊ कोपरापर्यंत कणकेत.

"तपासून घ्या ताई," ते म्हणाले. "पास का नापास?"

मला चूक सापडली नाही. नाइलाजाने म्हटलं, "पास."

वनिताने परीला हाक मारली. "माय जाऊन राह्यली, टाटा कर." परीच्या नाकाला राख लागलेली. तिने वर न बघता म्हटलं, "जा ना."

टेम्पोत मागे गाद्या टाकलेल्या. कापसाचं तूस उडत होतं आणि सहा बायका मोठमोठ्याने हसत होत्या. वनिता पुढे गाडी हाकत होती. इतकं हसणाऱ्या माणसांना काहीतरी लपवायचं असतं, असा माझा अनुभव. मी एकेकीचं तोंड न्याहाळत बसले. कुणाचाच चेहरा उतरेना.

कारंजा

कारंजा घाडगे हे नागपूर–अमरावती रस्त्यावरचं गाव. ट्रक, धाबे आणि मागे संत्र्यांच्या बागा. एका धाब्यावर आम्ही जेवायला उतरलो. आठ बायका बघून मालक गल्ल्यावरून उठून आला.

"संगं कोनी नाई?"

"आठ जनी हाओ. अजून किती लोक पाह्यजे?" बेबीताई म्हणाल्या.

"नाई, मंजे... लेकरं?"

"विकले," बेबीताई खाट ओढून बसल्या. "एक राह्यलं होतं, कोनी घेतलं नाई. ते घरी हाय. शेवभाजी आन, तर्री जास्त."

शेजारच्या खाटेवरचे ट्रकवाले घास हातात धरून बघत राहिले. मालक मेनूकार्ड न देताच गेला आणि जेवण होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मान वळवून बघत होता, जणू आम्ही कुठून तरी पळून आलोय. मला त्याचा राग आला. मग लक्षात आलं की तो जे विचारत होता तेच मी दोन दिवस मनातल्या मनात या बायकांना विचारत होते. त्याने निदान तोंडाने विचारलं. बेबीताईंवर गंज बसतो का यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं, नाव कोणाचंच घेतलं नाही.

बेबीताईंच्या भावाची बाग गावाबाहेर आहे. विहीर, पंपाची खोली, शेजारी दोन मोठ्या खोल्या, आणि बाकी नुसती संत्र्याची झाडं. तिथे पोचल्यावर काहीतरी कार्यक्रम सुरू होईल असं मला वाटलं, भजन, खेळ, निदान भाषण. काहीच नाही. सगळ्या पांगल्या. एकीने विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली आणि उन्हात केस पसरून बसली. प्रीतीने झाडाखाली गोधडी टाकली आणि दुपारी दीडला झोपली. तीन वाजता मी जाऊन तिचा श्वास चालतोय का बघितलं. चार वाजता परत गेले तेव्हा वनिताने मला हाताला धरून बाजूला नेलं. "झोपू दे तिले. ती झोपाले आली हाय."

मी झाडाखाली बसून एक संत्रं सोललं. तिसरी फोड काढली आणि माझा हात आपोआप बाजूला गेला, द्यायला. बाजूला गवत होतं. ती फोड मी खाल्ली. मग सगळं संत्रं खाल्लं, मग दुसरं, मग आणखी दोन. तीन वर्षांत मी आख्खं फळ खाल्लं नव्हतं हे मला तिथे कळलं. फार गोड होतं, आणि मला कुणाचीही आठवण येत नव्हती. हे जाणवलं तशी मी घाईने उठले आणि बेबीताईंकडे फोन मागितला. एक गंज.

नवा फोटो आला होता. आदू सासूबाईंच्या मांडीवर, आणि त्याच्या हातात स्टीलचा पेला. ओठावर पांढरी मिशी. पेल्याने दूध! मी महिनाभर पेला पुढे केला तर तो लाथेने उडवायचा. मी फोटो मोठा केला. पेल्याला खालून सासूबाईंचा हात होता, आणि त्या हाताची पकड मला विजयी वाटली.

संध्याकाळी छाती दगडासारखी झाली. गुरुवारपासूनच ठणकत होती, आता हात लावू देईना. मी पंपाच्या खोलीमागे गेले, ओढणी दातात धरली आणि दूध पिळून काढत बसले. मागून पावलं वाजली. बेबीताई गरम पाण्याची बादली आणि पंचा घेऊन उभ्या होत्या.

"शेक लाव. दुपारपासून पाहून राह्यली मी तुले." त्या शेजारी बसल्या. "केवढं हाय लेकरू?"

"पावणेतीन."

"अजून पेते?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग दूध तोडाले धाडलं असन तुले," त्या अगदी सहज म्हणाल्या. "आमच्याकडं असंच करते. कोनी निंबाचा पाला वाटून लावते, कोनी मायले आठ दिवस माहेरी धाडते. लेकरू दोन दिवस रडते, मंग विसरते. आठ दिवसांत दूध बी आटते."

आठ दिवस. पेला. पुसून ठेवलेली बॅग. शांत चेहरा. सगळं जागच्या जागी बसलं. माझ्या पाठीमागे, मला न विचारता, माझ्या मुलाचं दूध तोडलं जात होतं, आणि मी इथे संत्री खात होते. मी ओल्या पंचासकट उठले आणि फोन मागितला. दुसरा गंज.

सासूबाईंनी लगेच उचलला.

"आई, खरं सांगा. आदूला सोडवायला मला इकडे पाठवलंत ना?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. "कोण म्हणालं?"

"आठवडाभर जा असं तुम्हीच म्हणालात. दोन दिवसांचं काम, आठवडा कशाला?"

"मी म्हणाले?" त्यांचा आवाज खरोखर चकित होता. "अगं, तू रजेचा अर्ज टाकूनच मला विचारलंस की. आठवड्याची रजा मिळालीय, जाऊ का, असं म्हणालीस. मिळालेल्या रजेला मी काय नको म्हणू?"

"आणि तो पेला?"

"मंगळवारी रात्री मागितलं त्यानं. रडला. मी म्हटलं, आई गावाला गेलीय, येणार आहे. दूध गरम करून दिलं, निम्मं प्याला, निम्मं माझ्या साडीवर. बुधवारी थोडा कुरकुरला. काल मागितलंच नाही. मग काय तुझी वाट बघत उपाशी ठेवू? मला सोडवायचं असतं तर पाठीमागून कशाला करीन? तोंडावर सांगतेच आहे की वर्षभर. ये, त्याला पाज, नाहीतर नको पाजू. तुझं तू ठरव."

फोन ठेवून मी मोबाइलमध्ये शोधलं. रजेच्या अर्जाचा फोटो मी प्राचार्यांना पाठवला होता, तो सापडला. तारीख सोमवारची. सासूबाईंशी बोलणं झालं ते त्यानंतरच्या गुरुवारी, त्या दत्ताच्या देवळातून आल्या तेव्हा. आणि सोमवारच्या अर्जात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, एक आठवडा, कारण कौटुंबिक.

मग मला बॅगेचा तळ आठवला. जुन्या सुती साडीचे घडी केलेले तुकडे, पुरे बारा. दूध पाझरेल म्हणून मीच घातले होते. दोन दिवसांसाठी कुणी बारा तुकडे घेत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या चाचपल्या आणि चिठ्ठी माझ्याच बाहीत निघाली. हे दूध मलाच थांबवायचं होतं. मलाच आठवडाभर घराबाहेर राहायचं होतं. पण 'मला हवंय' म्हणायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ते म्हातारीच्या तोंडी घातलं आणि वर तिच्यावर आळ घेतला. मला स्वतःची इतकी लाज फार दिवसांत वाटली नव्हती.

आणि एक गोष्ट सलत होती ती वेगळीच. शेवटची वेळ कुठली ते मला आठवत नव्हतं. मंगळवारी पहाटेच असणार. मी अर्धवट झोपेत होते, तो पिऊन केव्हा बाजूला झाला कळलंही नाही. त्याचं मला वाईट वाटलं, तिथेच रडले, आणि आजही आठवलं की वाटतं.

वनिता पंपाच्या खोलीशी आली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वापस जाचं का? गाडी काढते. वर्ध्याले सोडून देते, सकाळची रेल्वे भेटन."

गेले असते तर शनिवारी रात्री आदू माझ्याजवळ असता. अजून दूध होतं. एका दिवसात सगळं पहिल्यासारखं झालं असतं आणि घरात कुणी काही म्हटलं नसतं. मी पंचा पिळला.

"नको," मी म्हटलं. "मला राहायचंय."

"काऊन?" बेबीताईंनी विचारलं. त्या मुद्दाम विचारत होत्या, हे मला दिसत होतं.

"चांगलं वाटतंय म्हणून."

"झालं मंग. चाल, गंज घास. फोनवर पाच डाव नाव काढलं तू लेकराचं."

मी विहिरीवर सात गंज घासले. वनिताने माती काढून दिली, पण हात लावला नाही.

शनिवार, रविवार

प्रीती शनिवारी सकाळी आठला उठली. रात्री जेवायला तिला हलवून उठवलं होतं, तेवढंच. चेहरा सुजलेला, केस पिंजारलेले, आणि तिने पहिलं वाक्य काय उच्चारलं, तर "पोहे हायेत का?" तिच्या तोंडून बाळाचं नाव निघेल म्हणून मी दिवसभर कान देऊन होते. दुपारी तीनला निघालं. तिने मुकाट्याने गंज घासला आणि पुन्हा येऊन पत्ते वाटायला बसली. म्हणजे आठवण येत होती. आठवण येते आणि पत्तेही खेळता येतात, एवढंच.

संध्याकाळी आंजीला परतलो तर मुलं अंगणात खेळत होती. परी आईच्या गळ्यात पडली, रोडगा किती मोठा होता ते हात पसरून दाखवलं आणि पळाली. गजूभाऊंच्या हाताला दोन चटके होते. पोरांना एकही नाही, मी मोजून पाहिलं.

रविवारी दिवसभर मी ओट्यावर पाय पसरून बसले होते. संध्याकाळच्या रेल्वेला निघताना वनिता म्हणाली, "मेधा, एक काम होतं तुयाकडं."

आता आलं! पुतण्या, बारावी, प्रवेश. मी चेहरा कोरा ठेवला.

तिने पिकअपमधून संत्र्यांची पिशवी काढली. "हे तुया सासूले दे. म्हनजे पुढच्या वर्सी बी धाडन ते तुले."

"मला कुणी धाडलं नव्हतं," मी म्हणाले. "मी आपली आपण आले."

वनिता हसली. पुतण्याबद्दल ती रेल्वे सुटेपर्यंत काही बोलली नाही. मी मात्र खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून होते.

सांगली, सोमवार

दुपारी घरी पोचले. आदू आधी आजीच्या पदरामागे लपला. मग एक डोळा बाहेर काढला, मग सगळाच बाहेर आला आणि धावत येऊन माझ्या मांडीवर चढला. मानेला मिठी मारली, माझा वास घेतला आणि सवयीने हात गळ्यात घातला.

"दूदू," तो म्हणाला.

समीर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या, "कावळ्यानं नेलं म्हण. आम्ही तेच सांगायचो. नाहीतर आजीनं घालवलं म्हण, मला चालतंय. माझ्यावर रुसू दे दोन दिवस."

त्या मनापासून म्हणत होत्या. मी नीट पाहिलं त्यांच्याकडे.

"दूदू संपलं, आदू," मी म्हटलं.

"कुणी संपवलं?"

"आईनं. आईला आता नको होतं, म्हणून आईनं बंद केलं."

मग त्याचा ओठ वाकडा झाला आणि तो रडायला लागला. चांगला दहा मिनिटं रडला, माझ्याच मांडीवर, माझ्याच खांद्यात तोंड खुपसून, आणि मला दोन्ही मुठींनी मारत. मी त्याला थोपटत राहिले आणि दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.